आज्ञेचे अंतरंग : कब्बाला परंपरेतील धर्माज्ञांच्या अर्थाचा इतिहास

ज्यू धर्मपरंपरेनुसार मोशेच्या तोरेत, म्हणजे त्याच्या नावे असलेल्या पाच ग्रंथांत, सांगितलेल्या आज्ञांची संख्या ६१३ आहे. ही गणना तालमूद या धर्मशास्त्रीय चर्चाग्रंथात तिसऱ्या शतकातील रब्बी सिमलाई यांच्या नावावर नोंदलेली असून, तिच्यात २४८ आज्ञा विधिरूप, म्हणजे अमुक करावे असे सांगणाऱ्या, आणि ३६५ निषेधरूप, म्हणजे अमुक करू नये असे बजावणाऱ्या आहेत. पहिली संख्या मानवी देहाच्या अवयवांशी आणि दुसरी सौरवर्षाच्या दिवसांशी जुळणारी मानली जाते. हिब्रू भाषेत अशा आज्ञेला मित्स्वा आणि अनेकवचनी मित्स्वोत म्हणतात. चोरी करू नये, आईवडिलांचा मान राखावा, या आज्ञांचे प्रयोजन कोणाला सांगावे लागत नाही. परंतु लोकर आणि जवसाचा धागा एकत्र विणलेले वस्त्र नेसू नये, प्रेताच्या स्पर्शाने आलेली अशुद्धता तांबड्या कालवडीच्या राखेने घालवावी, वस्त्राच्या चार कोपऱ्यांना गोंडे लावावेत, अशा आज्ञांपाशी तर्क अडखळतो. या आज्ञा का दिल्या गेल्या आणि त्या पाळल्याने नेमके काय साधते, या प्रश्नाला ज्यू विचारवंतांनी जी उत्तरे दिली, त्यांत कब्बाला या गूढविद्येचे उत्तर सर्वांत धाडसी होते आणि त्याचे परिणामही दूरवर पोहोचले.

आज्ञेचे कारण सांगण्यात धोका असतो, हे तालमूदकारांना ठाऊक होते. राजाने पुष्कळ बायका करू नयेत आणि घोड्यांचा संग्रह वाढवू नये, या अनुवाद ग्रंथातील दोन आज्ञांसोबत त्यांची कारणेही दिलेली आहेत: बायकांमुळे राजाचे मन बहकेल आणि घोड्यांपायी प्रजेला पुन्हा मिसर देशाची वाट धरावी लागेल. शलमोनासारख्या शहाण्या राजाने हे कारण वाचले, आपण काही बहकणार नाही असा भरवसा धरला, आज्ञा मोडली आणि अखेर तो बहकलाच. म्हणून तोरेतील आज्ञांची कारणे उघड केलेली नाहीत, असे तालमूद सांगते. ज्याला कारण कळते त्याला अपवादही सुचतो, ही जी भीती या दाखल्यात व्यक्त झाली आहे, ती पुढच्या साऱ्या इतिहासात निरनिराळ्या रूपांनी डोके वर काढत राहिली.

मध्ययुगात अरबी तत्त्वज्ञानाच्या सहवासात वाढलेल्या ज्यू पंडितांनी मात्र कारणांचा शोध टाळला नाही. बगदादच्या विद्यापरंपरेत मानाचे स्थान मिळवलेल्या सादिया गाओन (८८२-९४२) यांनी आज्ञांचे दोन वर्ग पाडले: बुद्धीला स्वतंत्रपणे पटणाऱ्या आणि केवळ ईश्वरी वचन म्हणून स्वीकारायच्या. त्यांच्यानंतर मोशे बेन मैमोन, म्हणजेच मायमोनिडीस (११३८-१२०४), यांनी इजिप्तमध्ये ११९०च्या सुमारास अरबीत पूर्ण केलेल्या ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात जवळजवळ सर्वच आज्ञांची कारणमीमांसा केली. पशुबळीविषयीचे त्यांचे प्रतिपादन विशेष गाजले. मिसरातून बाहेर पडलेल्या लोकांना यज्ञबळीखेरीज उपासनेची दुसरी रीत माहीत नव्हती आणि मनुष्यस्वभाव एका झटक्यात बदलत नाही, म्हणून परमेश्वराने ती जुनी रीत मोडून न काढता मूर्तींकडून आपल्याकडे वळवली, असे ते म्हणतात. यज्ञात कोकरूच का आणि त्यांची संख्या अमुकच का, अशा तपशिलांना मात्र कारण शोधू नये, कारण कोणता ना कोणता तपशील ठरवणे भागच होते, असेही त्यांनी बजावले.

या विवेचनाने आज्ञांना बौद्धिक प्रतिष्ठा मिळाली, पण त्यांतील अनेकांचे कारण भूतकाळात जमा झाले. जी आज्ञा एका विशिष्ट पिढीच्या सवयी सुटाव्यात म्हणून दिली गेली, तिची ती सवय सुटल्यावर काय गरज उरते, हा प्रश्न मायमोनिडीस यांनी स्वतः उपस्थित केला नाही आणि त्यांचे आचरण कमालीचे काटेकोर होते. तरीही त्यांच्या वाचकांना तो प्रश्न सुचल्याशिवाय राहिला नाही. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स आणि स्पेनमधील कातालोनिया या प्रदेशांत बाराव्या-तेराव्या शतकांत कब्बाला आकाराला आली, ती याच वातावरणात. मायमोनिडीस यांच्या धर्मसंहितेवर जळजळीत टिपणे लिहिणाऱ्या पॉस्किएरच्या अब्राहाम बेन डेव्हिड यांचे पुत्र इसहाक, ज्यांना परंपरा ‘अंध इसहाक’ म्हणून ओळखते, हे या विद्येचे आरंभीचे प्रमुख आचार्य होते. त्यांची शिकवण पुढे नेणाऱ्या गेरोना नगरातील एझरा बेन शलोमो यांनी ‘गीतरत्न’ या पवित्र काव्यावर भाष्य लिहिताना त्यातच आज्ञांच्या गूढार्थाचे प्रकरण गुंफले.

कब्बालाकारांच्या मते ईश्वराचे मूळ स्वरूप, ज्याला ते एन-सोफ, अर्थात अनंत, असे म्हणतात, कोणत्याही वर्णनाच्या पलीकडे आहे. परंतु ते दहा शक्तींच्या द्वारे प्रकट होते आणि या शक्तींना सेफिरोत अशी संज्ञा आहे. त्यांत खेसेद म्हणजे अपार कृपा, गेवुरा म्हणजे कठोर न्याय, दोहोंचा तोल राखणारे तिफेरेत आणि सर्वांत खालचे, जगाला लागून असलेले मलखुत, ही स्थाने विशेष महत्त्वाची आहेत. मलखुतालाच शेखिना, म्हणजे जगात वास करणारे ईश्वराचे स्त्रीरूप सान्निध्य, असेही म्हटले जाते. या शक्तींमधील प्रवाह अखंड राहिला तर जगावर कृपेची वृष्टी होते आणि तो खंडित झाला तर शेखिना एकाकी पडते. प्रत्येक मित्स्वा या दैवी रचनेतील एखाद्या स्थानाशी जोडलेली असून, मनुष्य खाली जे करतो त्याने वरचा प्रवाह जुळतो किंवा तुटतो, हा कब्बालाचा मूलभूत सिद्धान्त होय. मोशे बेन नाखमान, अर्थात नाखमानिडीस (११९४-१२७०), यांनी लेवीय ग्रंथावरील भाष्यात बळीविषयीची मायमोनिडीस यांची उपपत्ती कडक शब्दांत खोडून काढली आणि अन्यत्र, उपासनेची गरज माणसाइतकीच वरच्या लोकालाही आहे, या मताकडे सूचकपणे बोट दाखवले.

आज्ञेमागच्या हेतूऐवजी आज्ञेच्या परिणामाकडे लक्ष वळवल्याने तपशिलांचे मोल पालटले. मायमोनिडीस ज्यांना निव्वळ योगायोगाचे मानत होते, ते आकडे, रंग, क्रम आणि दिशा हेच आता अर्थाचे मुख्य वाहक झाले. मंडपांच्या सणात हाती घ्यायच्या चार वनस्पतींचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लेवीय ग्रंथातील आज्ञेच्या रूढ पालनात भक्ताने खजुरीचा मिटलेला कोंब, मर्टल या सुगंधी झुडपाच्या तीन डहाळ्या, वाळुंजाच्या दोन डहाळ्या आणि महाळुंगाचे एक फळ हाती घेऊन ते हलवायचे असते. कब्बालाच्या प्रचलित मांडणीत मर्टलच्या तीन डहाळ्या म्हणजे खेसेद, गेवुरा आणि तिफेरेत, वाळुंजाच्या दोन म्हणजे नेत्साख आणि होद ही आणखी दोन सेफिरोत, खजुरीचा ताठ कोंब म्हणजे या सर्वांचा प्रवाह एकत्र करून खाली सोडणारे येसोद आणि महाळुंग म्हणजे तो प्रवाह स्वीकारणारी शेखिना. महाळुंग बाकीच्यांपासून दूर धरले तर भक्त स्वतःच्या हातांनी वरच्या लोकात वियोग घडवतो, म्हणून ते कोंबाला भिडवून धरावे, असा नियम या अर्थातून पुढे आला. मिश्र वस्त्राच्या निषेधाचा उलगडाही याच पद्धतीने झाला: वेगवेगळ्या वरच्या शक्तींच्या अधीन असलेल्या गोष्टी एकत्र विणल्या की त्या शक्तींची सरमिसळ होते.

या विचाराला सर्वांत समृद्ध रूप दिले ते ‘जोहार’ या ग्रंथाने. दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योखाई आणि त्यांचे शिष्य यांच्या संवादांच्या रूपात, अरामी भाषेत लिहिलेला हा ग्रंथ प्रत्यक्षात १२८०च्या दशकापासून स्पेनमधील कॅस्टाइल प्रांतात प्रचारात आला, आणि त्याच्या रचनेत मोशे दे लिऑन (मृत्यू १३०५) यांचा मोठा वाटा होता, असे आधुनिक संशोधन मानते. त्यांनीच १२८७मध्ये स्वतःच्या नावाने हिब्रूत लिहिलेला ‘सेफर हा-रिम्मोन’ हा ग्रंथ संपूर्णपणे आज्ञांच्या गूढार्थाला वाहिलेला आहे. पुढे इटलीतील मेनाखेम रेकानाती यांनीही याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ रचला. जोहारमध्ये तोरेचे वर्णन देहधारी व्यक्तीच्या रूपात केलेले आढळते: कथा हे तिचे वस्त्र, आज्ञा हा तिचा देह आणि गूढार्थ हा तिचा आत्मा. वस्त्रावर नजर खिळवणारा जोहारच्या दृष्टीने अडाणी ठरतो, पण देह बाजूला सारून आत्मा गाठण्याची मुभा तो ग्रंथ कोणालाच देत नाही, आणि आज्ञांना नेमके देहाचे स्थान देण्यामागचा आशयही हाच आहे. तालमूदच्या गणनेतील २४८ अवयवांना जोहारने ३६५ स्नायूंची जोड दिली आणि ६१३ आज्ञा हा एका परिपूर्ण, विराट मानवाकृतीचाच आराखडा ठरला.

जोहारच्या दृष्टीने या अर्थाचा कळस शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, हा होय. आठवडाभर न्यायाच्या कठोर शक्तींनी वेढलेली शेखिना या दिवशी मुक्त होऊन तिफेरेताशी एकरूप होते. म्हणून या रात्रीचा दिवा, मेज, द्राक्षरस आणि भाकरी यांना वधूच्या स्वागताचे रूप येते, आणि पतिपत्नींचा समागमसुद्धा, जो धर्मशास्त्राने पतीचे कर्तव्य म्हणून आधीच सांगितला होता, वरच्या मीलनाशी जुळणारे पवित्र कृत्य ठरतो. संन्यासाकडे न वळता संसारातील कृत्यांनाच एवढी तात्त्विक उंची मिळाल्याने कब्बाला मूठभर साधकांच्या वर्तुळाबाहेर पडू शकली.

चौदाव्या शतकाच्या आरंभी जोहारला जोडल्या गेलेल्या ‘राया मेहेम्ना’ या आज्ञाविषयक भागात आणि त्याच अज्ञात लेखकाच्या ‘तिक्कुने जोहार’ या रचनेत एक वेगळा, काहीसा स्फोटक सूर उमटला. त्यानुसार तोरेची दोन रूपे आहेत: विधिनिषेधांनी बांधलेले, सध्याच्या निर्वासित अवस्थेतील रूप, आणि मसीहाच्या, म्हणजे अभिषिक्त उद्धारकर्त्याच्या, युगात प्रकट होणारे जीवनवृक्षाचे शुद्ध रूप, ज्यात निषेधांना आजचा अर्थ उरणार नाही. लेखकाने स्वतः कोणतीही आज्ञा शिथिल केली नाही. पण सुटकेच्या युगात आज्ञांचे स्वरूप पालटेल, हा विचार आता लिखित रूपात उपलब्ध झाला होता.

१४९२मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली आणि सोळाव्या शतकात निर्वासितांच्या वंशजांनी ऑटोमन सत्तेखालील गालील प्रांतात साफेद हे नगर विद्येचे केंद्र बनवले. तेथे धर्मशास्त्र आणि गूढविद्या एकाच घरात नांदत होत्या: ज्यांची ‘शुलखान अरुख’ ही आचारसंहिता १५६५मध्ये व्हेनिस येथे छापली गेली आणि पुढे जगभर प्रमाण मानली गेली, ते योसेफ कारो स्वतः कब्बालाचे साधक होते. याच नगरात १५७०मध्ये इसहाक लुरिया आले आणि अवघ्या दोन वर्षांत, १५७२मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी साथीच्या रोगाने वारले. त्यांची शिकवण मुख्यत्वे शिष्य खाईम विताल यांच्या लेखनातून टिकली. लुरिया यांच्या मते अनंताने स्वतःला आकुंचित करून सृष्टीला जागा दिली, दैवी प्रकाश ज्या पात्रांत ओतला गेला ती पात्रे फुटली आणि त्या प्रकाशाच्या ठिणग्या जडाच्या कवचांत अडकल्या. या भग्न विश्वाच्या दुरुस्तीला तिक्कुन म्हणतात आणि ती दुरुस्ती करण्याचे मुख्य साधन म्हणजे मित्स्वा: भाकरीवर आशीर्वचन म्हणून ती खाणारा मनुष्य तिच्यात अडकलेली ठिणगी सोडवतो. प्रत्येक आत्म्याने कृती, वाणी आणि विचार या तिन्हींनी ६१३ आज्ञा पुऱ्या केल्या पाहिजेत, अन्यथा त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो, असे विताल यांनी नोंदले आहे. यरुशलेमचे मंदिर नष्ट झाल्याने ज्या आज्ञा प्रत्यक्ष पाळता येत नाहीत, त्यांच्या नियमांचा अभ्यास हेच त्यांचे पालन मानले गेले.

या सिद्धान्ताने आचरणात कव्वाना, म्हणजे कृती करताना मनात धरायचा नेमका हेतू, याला केंद्रस्थान दिले. विताल यांच्या ग्रंथांत कोणत्या शब्दाच्या उच्चारासोबत कोणत्या ईश्वरी नामाच्या अक्षरांचे ध्यान करावे, याची पानोपानी सूचना आहे. सामान्य उपासकाला हे जमणे शक्य नव्हते, म्हणून मित्स्वेपूर्वी म्हणायचे एक छोटे सूत्र रूढ झाले, ज्यात हे कृत्य परमपवित्र ईश्वर आणि त्याची शेखिना यांच्या ऐक्यासाठी केले जात आहे असा संकल्प असतो. शुक्रवारी सायंकाळी शब्बाथरूपी वधूच्या स्वागताला शेतात जाण्याची साफेदच्या साधकांची रीत आणि तेथील शलोमो अल्काबेत्स यांनी त्या प्रसंगासाठी रचलेले ‘लेखा दोदी’ हे स्तोत्र यांतूनच शब्बाथच्या प्रार्थनेचा नवा आरंभ घडला, आणि ते स्तोत्र आज मुंबईतील बेने इस्राएलांच्या सिनेगॉगांतही गायले जाते.

तालमूदने शलमोनाच्या दाखल्यातून दिलेला इशारा सतराव्या शतकात खरा ठरला. १६६५मध्ये गाझाच्या नाथानने इझमीरच्या शब्बताई त्स्वी (१६२६-१६७६) याला मसीहा घोषित केले, तेव्हा लुरियाप्रणीत दुरुस्ती पुरी होत आली आहे या भावनेने येमेनपासून पोलंडपर्यंतचे ज्यू समाज भारावून गेले. शब्बताईने निषिद्ध चरबी खाण्यापूर्वी निषिद्धांना मोकळीक देणाऱ्या परमेश्वराचा धन्यवाद करणारे आशीर्वचन म्हटले आणि मंदिराच्या विनाशाचा उपवास सणात बदलला. १६६६मध्ये सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारल्यावर बहुसंख्य अनुयायी हताश झाले. पण उरलेल्यांनी, ठिणग्या सोडवण्यासाठी मसीहाला कवचांच्या आतच उतरावे लागते, असा युक्तिवाद केला आणि जीवनवृक्षाच्या तोरेचा जुना विचार पुढे करून आज्ञाभंगालाच गूढार्थ चिकटवला. ज्या सिद्धान्ताने बारीकसारीक नियमांना विश्वव्यापी महत्त्व दिले होते, त्याच सिद्धान्ताच्या भाषेत ते नियम मोडण्याचे समर्थन झाले.

या धक्क्यानंतर धर्माधिकाऱ्यांनी अंतरंगाभोवती कुंपण घातले. याकोब फ्रँकच्या पंथाने पोलंडमध्ये शब्बताईचा वारसा पुन्हा जागवला, तेव्हा १७५६मध्ये ब्रोडी येथील रब्बींनी जोहारचे अध्ययन तीस वर्षांखालील आणि लुरियाच्या ग्रंथांचे अध्ययन चाळीस वर्षांखालील व्यक्तींना वर्ज्य केले. प्रागचे यखेझकेल लँडाऊ यांनी ऐक्याच्या संकल्पसूत्रावरच टीका केली. ते सूत्र न म्हणताही पूर्वजांनी आज्ञा उत्तम पाळल्या, असे त्यांचे म्हणणे होते. याच काळात बाल शेम तोव (मृत्यू १७६०) यांच्यापासून निघालेल्या हसिदी चळवळीने लुरियाची किचकट ध्याने बाजूला ठेवून ईश्वराशी मनाने चिकटून राहण्याला प्राधान्य दिले. लियादीचे श्नेऊर झाल्मान यांनी १७९६च्या ‘तान्या’त कृतीचे स्थान पुन्हा भक्कम केले: बुद्धी आणि भावना ईश्वराकडे ओढ घेतात, पण त्याची इच्छा प्रत्यक्ष धारण करते ती केवळ कृती. हसिदींचे विरोधक वोलोझिनचे खाईम यांच्या १८२४मध्ये छापलेल्या ‘नेफेश हा-खाईम’ या ग्रंथाचाही निष्कर्ष दुसऱ्या वाटेने तेथेच पोहोचतो. मन एकाग्र होण्याची वाट पाहत प्रार्थनेची वेळ टाळणाऱ्याने वरच्या लोकांची हानीच केली, कारण हेतूशिवाय केलेली मित्स्वाही फळते, परंतु मित्स्वेशिवायचा हेतू फळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

गूढार्थ कोणापुढे उघडावा, हा वाद महाराष्ट्राच्या भूमीवरही एकदा झडला. पुण्यातील बगदादी ज्यू समाजातील आणि थिऑसॉफिकल सोसायटीशी संबंधित असलेल्या अब्राहम डेव्हिड एझेकिएल यांनी १८८७मध्ये जोहारमधील ‘इद्रा झुता’ हा अत्यंत गुह्य मानला जाणारा भाग हिब्रू लिपीतील अरबी भाषांतरासह पुण्यात छापला. सर्वसामान्य वाचकाच्या हाती असा मजकूर देण्याला परंपरानिष्ठांनी कडाडून विरोध केला आणि प्रकरण बगदादच्या धर्मपंडितांपर्यंत पोहोचले. ब्रोडीच्या निर्बंधांमागची भीती आणि थिऑसॉफीचे सर्व धर्मांचे रहस्य खुले करण्याचे आश्वासन यांची ही गाठ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पडावी, यातून त्या काळच्या व्यापारी आणि बौद्धिक दळणवळणाची व्याप्ती दिसते.

विसाव्या शतकात गेर्शोम शोलेम (१८९७-१९८२) यांनी या साऱ्या साहित्याचा ऐतिहासिक अभ्यास उभा केला आणि तत्त्वज्ञांनी रूपकात विरघळवलेल्या धर्मविधींना कब्बालाने पुराणकथेचे बळ परत मिळवून दिले, असे मत मांडले. त्यांच्यानंतर मोशे इदेल यांनी दैवी शक्तींवर कृतीने परिणाम घडवण्याची कल्पना कब्बालापेक्षाही जुनी असून प्राचीन रब्बींच्या वचनांत तिची मुळे आहेत, असे दाखवण्याचा प्रयत्न केला. या दोन मतांतील अंतर मोठे असले, तरी कब्बालातील अर्थ कृतीपासून सुटा काढता येत नाही, याविषयी दोघांचे दुमत नाही.

धर्मशास्त्र्यांनी या अर्थाला कायद्यात किती वाव द्यावा, यासाठी हळूहळू एक सर्वमान्य नियम घडवला: तालमूद आणि जोहार यांच्यात स्पष्ट विरोध असेल तर तालमूद प्रमाण, आणि तालमूद मौन असेल तेथे जोहार अनुसरावा. तेफिलीन, म्हणजे तोरेतील वचने ठेवलेल्या कातडी पेट्या, हातावर आणि कपाळावर पट्ट्यांनी बांधण्याची आज्ञा ही या नियमाची खरी कसोटी ठरली. वल्हांडण आणि मंडपांचा सण या प्रत्येक सणाच्या आतल्या मधल्या दिवसांत तेफिलीन बांधावे की नाही, हे तालमूदात निर्विवादपणे सांगितलेले नव्हते. त्या दिवसांत ते बांधणे हा सणाच्या पावित्र्याचा भंग आहे, असे जोहारच्या साहित्यात कठोर शब्दांत आले होते, आणि योसेफ कारो यांनी त्याच आधारावर निषेधाचा निर्णय दिला. परिणामी सेफार्दी समाजांनी या दिवसांत तेफिलीन बांधणे सोडले, तर मध्य आणि पूर्व युरोपातील अनेक अश्केनाझी समाजांत जुनी प्रथा चालू राहिली. ज्या लोकांना सेफिरोतांची नावेही ठाऊक नाहीत, त्यांच्याही हातावर त्या दिवशी पट्टा बांधला जाईल की नाही हे अशा निर्णयांनी ठरते. कब्बालाने आज्ञांना दिलेल्या अर्थाचे ऐतिहासिक वजन मोजायचे तर ते गूढ ग्रंथांपेक्षा अशा साध्या आचारांत अधिक अचूक मोजता येते.